‘का?’च्या आधी ‘किती?’



वऱ्हाडात वसंत ऋतू पंचांगात असतो. बाहेर पाहावे तो उन्हाळा असतो. अशा दिवसांत, दिवसभराच्या कामानंतर, आकड्यांवरचे व्याख्यान ऐकायला सोनाळ्यात इतकी मंडळी जमली याचे मला कौतुक वाटते, आणि थोडी धास्तीही वाटते. आकड्यांचा विषय रुक्ष अशी त्याची ख्याती आहे. ती खोटी ठरवण्याचे वचन मी देत नाही. परंतु या विषयाचा संबंध तुमच्या वावराशी, विम्याच्या पैशाशी आणि पिण्याच्या पाण्याशी कसा येतो, एवढे दाखवण्याचा प्रयत्न करतो.

आरंभ आपल्याच जिल्ह्यातल्या गोष्टीने करू. २०२४ सालच्या डिसेंबरअखेर आणि २०२५च्या जानेवारीत शेजारच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. चार दिवसांत डोक्याला टक्कल पडे. बायका-मुलेही त्यातून सुटली नाहीत. साऱ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : हे का झाले? कोणी पाण्याला दोष दिला, कोणी बुरशीला, कोणी साबणाला. पथके आली, पाण्याचे नमुने गेले, रक्ताचे नमुने गेले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाण्यातल्या गव्हाकडे आणि त्यातील सेलेनियम या द्रव्याकडे बोट दाखवले, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले.

या गोंधळात एक काम मुकाट्याने झाले, ते मात्र कोणाच्या ध्यानात राहिले नाही. आरोग्य खात्याच्या माणसांनी घरोघर फिरून रुग्ण मोजले. कोणते गाव, कोणते घर, काय वय. त्या यादीत ‘का’चे उत्तर नव्हते. पण ती यादी नसती तर कोणत्याही ‘का’ची परीक्षा झाली नसती. पाणी म्हणावे, तर एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्यांपैकी किती जणांचे केस गेले? गहू म्हणावा, तर तो खाणाऱ्यांपैकी किती जणांचे? ‘का’ हा प्रश्न मोठ्या आवाजाचा आहे. ‘किती’ हा प्रश्न हळू बोलतो. आज मी या हळू बोलणाऱ्या प्रश्नाचे वकीलपत्र घेऊन आलो आहे.

आधी दुसऱ्या पक्षाचे म्हणणे न्यायाने मांडले पाहिजे. आजचे संशोधक बहुधा कारणांचा आराखडा आखून कामाला लागतात. कागदावर चौकटी काढायच्या : पाऊस, जमिनीतील ओल, खत, कीड, उत्पन्न. एका चौकटीतून दुसरीकडे बाण काढायचे, आणि प्रत्येक बाणात किती जोर आहे हे गणिताने काढायचे. अमेरिकेतील सिवॉल राइट या शास्त्रज्ञाने १९२१ साली ही रीत मांडली, आणि तेव्हापासून ती पुष्कळ वाढली, सुधारली. तिच्यामुळे खूप कळले आहे. पण तिची एक अडचण आहे. जी चौकट काढायचीच राहून गेली, तिची कसर कोठून निघते ते कळत नाही. आणि आकडे असे कधी ओरडून सांगत नाहीत, की बाबा रे, तू एक चौकट विसरलास. उत्तर येतेच, दोन दशांश स्थळांपर्यंत येते, आणि चुकीचे असते.

आपल्या भाषेने हा धोका फार पूर्वीच ओळखला आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपण म्हणतो. कावळ्याचे वजन आणि फांदीची जाडी यांचा आराखडा मांडून कोणी प्रबंध लिहिला, तर तो चुकीचा आहे हे केवळ आकडे पाहून ठरवता येणार नाही. फांदी आतून पोखरली होती, ही चौकट बाहेर राहिली.

मग प्रश्न असा, की कारणाच्या या आराखड्यावाचून संख्याशास्त्राला काही खरे सांगता येते काय? येते. आणि त्याचा एक उत्तम दाखला आपल्याच वऱ्हाडच्या कापसाने दिला आहे.

इंग्रजी अमदानीत पिकाचा अंदाज कसा निघे हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. पेरलेले क्षेत्र पटवाऱ्याच्या कागदांवरून मिळे. एकरी ‘नेहमीचे’ उत्पन्न किती, हे सरकारी तक्त्यात लिहिलेले असे. आणि यंदाचे पीक त्याच्या मानाने कसे आहे, ते नजरेने ठरे. भरपूर असेल तर सोळा आणे, निम्मे असेल तर आठ आणे. हीच आणेवारी. आणे गेले, पैसे आले, आणि आता आपण पैसेवारी म्हणतो. नजर अंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तिच्या तीन पायऱ्या झाल्या. पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर सबंध तालुक्याचा जीव टांगलेला असतो.

नजरेने काढलेल्या अंदाजात दोष कोणता? पटवारी अप्रामाणिक असतो असे मी म्हणत नाही. दोष असा, की नजरेला कारणे दिसतात. यंदा पाऊस उशिरा आला, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून पीक पाहण्याआधीच ते त्याच्या मनात आठ आण्यांवर येते. रस्त्याकडेची वावरे बरी दिसली की तो दहा आणे म्हणतो. त्याच्या मनात कारणांचा एक आराखडा आधीच तयार असतो, आणि पीक त्यात बसवले जाते.

१९४०च्या दशकाच्या आरंभी ही रीत मोडण्याचे काम ज्यांनी हाती घेतले त्यांत दोन नावे प्रमुख आहेत : विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जन्म १९११चा. पुढे ते जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राच्या विभागाचे प्रमुख झाले. पानसे यांचा जन्म १९०६चा. कापसावर त्यांनी इंदूरच्या संस्थेत दीर्घ काळ काम केले. शेतीच्या कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी मिळून लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. या कामाच्या अगदी पहिल्या पाहण्यांपैकी एक झाली ती कापसावर, आणि ती झाली आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात.

पद्धत ऐकायला पोरखेळ वाटेल. गावांची यादी करायची आणि चिठ्ठ्या टाकून काही गावे काढायची. त्या गावातली शेते पुन्हा चिठ्ठीने काढायची. शेतात गेल्यावर एका ठरलेल्या कोपऱ्यावर उभे राहायचे. लांबीकडे किती पावले आणि रुंदीकडे किती, तेही आपल्या मनाने ठरवायचे नाही. आकड्यांच्या छापील कोष्टकातून घ्यायचे. तेथे खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि ठरल्या मापाच्या चौकोनातले पीक काढून तोलायचे. कापूस असेल तर प्रत्येक वेचणीला त्याच चौकोनात यायचे. बस्स. पाऊस किती पडला, खत कोणते घातले, बोंडअळी आली की नाही, यातले काहीही विचारायचे नाही.

ही पद्धत विश्वासाची का? तर तिच्यातली निवड विनाकारण झालेली असते म्हणून. व्यवहारात ‘विनाकारण’ हा शब्द आपण दोष देताना वापरतो. येथे तो गुण आहे. हे शेत का निवडले, या प्रश्नाला काहीच उत्तर नाही, म्हणून कोणाचाही हेतू त्यात शिरत नाही. ज्या कारणांनी पीक चांगले किंवा वाईट होते, ती सगळी, आपल्याला ठाऊक असलेली आणि नसलेलीही, चिठ्ठीच्या झोळीत आपोआप पडतात. आराखड्यात चौकट विसरण्याची भीती असते. चिठ्ठीला चौकटीच नसतात, मग विसरणार काय?

एका अशा प्रयोगाला मी स्वतः उभा होतो. गावाचे नाव सांगत नाही. कोष्टकातले आकडे घेऊन पावले टाकली, तो चौकोन आला नेमका शेताच्या चांगल्या अंगाला. शेतकरी म्हणाला, “साहेब, इथं नका घेऊ. हे खातेऱ्याजवळचं आहे. माझं खरं वावर तिकडं आहे.” तो खोटे बोलत नव्हता. बरोबरचे एक गृहस्थ म्हणाले, तिकडे चिखल आहे, येथेच बरे. तेही खोटे बोलत नव्हते. तिसऱ्यांना झाडाची सावली जवळ पडत होती. प्रत्येकापाशी कारण होते आणि प्रत्येक कारण समंजस होते. मी शेतकऱ्याला म्हटले, “भाऊ, आज तुमच्या वावराची मोजणी नाही, सगळ्या मंडळाची आहे. तुमचं चांगलं अंग आज आलं. दुसऱ्या कोणाचं वाईट अंग येईल. दोरी हलवली, की मग ती कोणाचीच राहणार नाही.” त्याने क्षणभर पाहिले आणि खुंटी ठोकायला स्वतः दगड आणून दिला.

त्या काळी एक प्रसिद्ध वादही झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस अगदी लहान चौकोन, लहान वर्तुळे कापून घेत. काम झटपट होते, आणि जास्त ठिकाणी जाता येते. सुखात्मे म्हणाले, लहान मापात उत्पन्न फुगते. १९४४-४५च्या सुमारास मुरादाबाद जिल्ह्यात गव्हावर त्यांनी ते ताडून पाहिले, आणि अगदी लहान तुकड्यांत उत्पन्न खरोखरच पुष्कळ जास्त भरले. का भरते, हे घरी करून पाहता येईल. एक मीटर बाजूचा चौकोन घ्या. क्षेत्र एक चौरस मीटर, कड चार मीटर. दहा मीटर बाजूचा घ्या. क्षेत्र शंभर चौरस मीटर, कड चाळीस मीटर. म्हणजे लहान चौकोनात प्रत्येक चौरस मीटरमागे चार मीटर कड, आणि मोठ्यात अर्ध्या मीटरहूनही कमी. दोरीवर आलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा संशय पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. लबाडीने नव्हे, भरले ताट सोडवत नाही म्हणून. कड जितकी जास्त, तितके असे हात जास्त. मोजणी साधी असते, पण सोपी नसते.

आता ही मोजणी न्यायाशी कशी जोडली गेली ते पाहू. पिकाचा विमा उतरवायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो कारणाचा. पीक बुडाले ते पावसाने की आळसाने? निंदण वेळेवर केले होते काय? घराला आग लागली तर पंचनामा करता येतो. लाखो वावरांत प्रत्येकाच्या बुडण्याचे कारण कोण शोधणार, आणि शोधले तरी ते सिद्ध कसे करणार?

म्हैसूरचे जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली एक तोड सुचवली : पीक पाहूच नका, पाऊस मोजा. पाऊस ठराविक मापाहून कमी पडला की पैसे द्या. ही तोड अजून जिवंत आहे. आपल्याकडे संत्र्यासारख्या फळपिकांचा विमा हवामानाच्या आकड्यांवरच चालतो. परंतु पाहा, येथे कारणाचा आराखडा मागच्या दाराने आत आला. इतका पाऊस म्हणजे इतके नुकसान, असा बाण आधीच काढून ठेवला. मंडळाच्या हवामान केंद्रावर सर पडली आणि तुमच्या बागेवर पडली नाही, तर आराखड्याच्या मते तुमचे काही बिघडलेले नाही.

दुसरी वाट दाखवली विष्णू महादेव दांडेकर यांनी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले हे अर्थशास्त्रज्ञ. विदर्भाला त्यांचे नाव १९८३ साली नेमलेल्या आणि अनुशेष मोजणाऱ्या समितीमुळे चांगले ठाऊक आहे. त्यांनी १९७६ साली मांडले, की एकेका शेतकऱ्याचे नुकसान आणि त्याचे कारण शोधू नका. हवापाणी व पीकपद्धती सारखी असलेला टापू घ्या. त्या टापूचे सरासरी उत्पन्न पीक कापणीच्या प्रयोगांनी काढा. ते नेहमीपेक्षा जेवढे घटले, त्या प्रमाणात टापूतल्या सर्व विमेदारांना भरपाई द्या. यातली युक्ती ध्यानात घ्या. एकट्याने आळस केला तर टापूची सरासरी हलत नाही, म्हणून आळशाला लाभ नाही. मेहनत करून ज्याने वावर वाचवले, त्याचीही भरपाई जात नाही. नुकसान का झाले हे कोणालाही विचारावे लागले नाही, आणि तरी न्याय झाला. याच तत्त्वावर १९७९ साली प्रायोगिक योजना निघाली, १९८५ साली देशव्यापी योजना आली, आणि २०१६ची प्रधानमंत्री पीक विमा योजनाही मुख्यतः याच पायावर उभी राहिली.

थोडे अंकगणित करू. योजनेत मागील सात वर्षांतील उत्तम पाच वर्षांची सरासरी घेतात, तिला जोखीमस्तराने गुणतात आणि उंबरठा उत्पन्न काढतात. समजा, आपल्या मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आले. यंदाचे प्रयोगाचे सरासरी उत्पन्न ६ क्विंटल. घट ४ क्विंटल, म्हणजे ४० टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली तर भरपाई २०,००० रुपये. आता, महसूल मंडळाला एका पिकाचे किमान १० प्रयोग, असा दंडक आहे. समजा, त्यांपैकी ९ प्रयोग खरे झाले आणि प्रत्येकात ६ क्विंटल भरले. दहाव्या ठिकाणी दोरी हलली, चांगल्या तुकड्यावर गेली, आणि तेथे १६ क्विंटल भरले. नवा सहा चोपन्न आणि सोळा सत्तर, सरासरी ७. घट ३० टक्क्यांवर आली, भरपाई १५,००० रुपये झाली. एका खुंटीने मंडळातल्या प्रत्येक विमेदाराचे हेक्टरी पाच हजार रुपये गेले. आणि दोरी उलट्या अंगाला हलली तर तसेच पैसे खोटे मिळाले. ते आपल्याच करातून आणि पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून फिटायचे.

या पद्धतीत उणीव नाही असे मी म्हणणार नाही. टापूची सरासरी चांगली, पण नाल्याकाठचे एकट्याचे वावर खरवडून गेले, तर सरासरीला त्याचे अश्रू दिसत नाहीत. म्हणून अशा स्थानिक आपत्तीसाठी बहात्तर तासांत कळवण्याची आणि कारणासह पंचनाम्याची सोय योजनेत ठेवली गेली होती. २०२५च्या खरिपात आपल्या राज्याने योजनेचे रूप बदलले आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांच्या उत्पन्नावर देण्याचे ठरवले. हे योग्य की अयोग्य, यावर मते भिन्न आहेत, आणि ती मांडण्याची ही जागा नव्हे. पण एक गोष्ट उघड आहे. सगळा भार त्या दहा चौकोनांवर आला, की ते दहा चौकोन ही गावाची ठेव होते.

मोजणीची वाट येथवर. कारणावाचून चालणारी दुसरी वाट आहे भाकिताची. आपल्या मीमांसकांनी एक सुंदर दृष्टांत दिला आहे. आकाशात कृत्तिका उगवलेल्या दिसल्या, की आता रोहिणी उगवणार हे निश्चित समजावे. कृत्तिका रोहिणीला उगवायला लावत नाहीत. पण खूण पक्की आहे. कारण आणि खूण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पुढचे सांगायला पुष्कळदा खूण पुरते. इंग्लंडातील कार्ल पिअर्सन हा तर त्याही पुढे गेला. शास्त्राने कारणाची भाषा सोडावी आणि दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात एवढेच मोजावे, असे तो म्हणे.

मोसमी पावसाचे भाकीत याच वाटेने गेले. १८८६ साली हवामान खात्याच्या ब्लॅनफोर्डने हिमालयावरील बर्फ पाहून पावसाचा अंदाज देण्यास आरंभ केला. जास्त बर्फ, कमी पाऊस. १८९९ साली खात्याचा अंदाज सपशेल चुकला, आणि छप्पन्नचा दुष्काळ आला, ज्याच्या आठवणी वऱ्हाडातल्या घराघरांत होत्या. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा गणिती त्या जागी आला. तो हवामानशास्त्राचा माणूसच नव्हता. त्याने जगभरच्या वायुभाराचे, तापमानाचे, पावसाचे आकडे जमवले, पुष्कळ कारकून बसवून एकेका जोडीचा सहसंबंध काढला, आणि ज्या खुणा टिकल्या त्यांवर अंदाज बांधला. हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्यावरील वायुभाराचा झोका त्याला असाच सापडला. तो झोका का चालतो हे त्याला सांगता आले नाही. समुद्राच्या ऊबेशी त्याचे नाते पुढे १९६९ साली ब्यर्क्नेस याने उलगडले. आज बाजारातला माणूसही ‘एल निनो’ म्हणतो, त्याचे मूळ वॉकरच्या त्या कोष्टकांत आहे. येथेही ‘किती’ पुढे चालला आणि ‘का’ मागून पोचला.

परंतु खुणेवर विसंबणाऱ्याने सावध असावे. वॉकरच्या कित्येक खुणा पुढे पुसट झाल्या. आपले डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली सोळा खुणांचे सूत्र बसवले. कित्येक वर्षे त्याने साथ दिली. २००२ साली सूत्राने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. देशात पडला ८१ टक्के. खूण का चालते हे ठाऊक नसले, की ती कधी बंद पडेल हेही ठाऊक नसते. कारण टाळून चालण्याची ही किंमत आहे, आणि ती मान्य केली पाहिजे. म्हणूनच दरवर्षी भाकिताशेजारी प्रत्यक्षाचा आकडा लिहून ठेवणे, चुकले तर चुकले म्हणून लिहिणे, हा या वाटेवरचा धर्म आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पन्न अजमावण्याचे आता प्रयत्न होत आहेत, त्यांनाही हाच धर्म लागू. चित्राचा अंदाज खरा की खोटा हे शेवटी वावरातला तो दोरीचा चौकोनच सांगणार.

आता जेथे ‘का’ टाळताच येत नाही, अशा दुःखाकडे वळतो. सातपुड्याच्या पायथ्यावरून आपण पूर्णेकडे उतरू लागलो, की खारपाणपट्टा लागतो. आपल्या संग्रामपूर तालुक्यातल्या, जळगाव जामोद आणि शेगाव तालुक्यांतल्या कितीतरी गावांत मूत्रपिंडाच्या विकाराने घरची कर्ती माणसे नेली. लोक म्हणतात, पाण्याने नेली. पाण्यात क्षार फार आहेत, हे मोजून दिसलेले आहे. तरी अभ्यासक विचारतात : क्षारच की आणखी काही? उन्हात राबणे, फवारणीची औषधे, अंगदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या गोळ्या, यांचा भाग किती? कोणी एका चौकटीतून बाण काढील, कोणी दुसऱ्या. आराखड्यांचे भांडण वर्षानुवर्षे चालू शकते.

आपण काय करावे? रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने यावरही चिठ्ठीचाच उपाय सांगितला. रोथमस्टेडच्या शेतांवर तो शिकला, की दोन खतांची तुलना करायची तर कोणत्या वाफ्यात कोणते खत, हे चिठ्ठीने ठरवावे. मग जमिनीचे सगळे ज्ञात-अज्ञात गुणदोष दोन्हीकडे सारखे वाटले जातात. १९४८ साली प्रसिद्ध झालेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा इंग्लंडात याच रीतीने झाली. औषध शरीरात काय करते याचा आराखडा न मांडताही ते उपयोगी पडते की नाही हे कळले. माणसांना मुद्दाम खारे पाणी पाजून कोणी परीक्षा घेणार नाही, घेऊ नये. पण वान धरणाचे गोडे पाणी नळाने गावोगाव नेण्याची योजना टप्प्याटप्प्यानेच पुढे सरकते. मग आपल्याला एवढे तरी करता येईल : प्रत्येक गावात, पाणी येण्याआधी आणि आल्यानंतर, मूत्रपिंडाच्या रुग्णांची नोंद एकाच पद्धतीने ठेवायची. नाव गुप्त राहो. वय, गाव, पाण्याचे ठिकाण आणि तारीख लिहिली जावो. ज्या गावात रोग नाही तेथेही तीच मोजणी व्हावी, कारण न झालेल्यांचा आकडा नसेल तर झालेल्यांचा आकडा मुका असतो.

आणि कारण सिद्ध होईपर्यंत गोडे पाणी थांबवावे, असे कोणी म्हटले तर त्याला सांगा, तहानेला प्रबंध लागत नाही. पाणी द्यायला ‘का’ लागत नाही. दिल्याने किती जीव वाचले हे कळायला मात्र ‘किती’ लागतो, आणि तो आजच लिहायला घेतला नाही, तर उद्या विकत मिळणार नाही.

मंडळी, समारोप करतो. कारणांचा शोध ही थोर गोष्ट आहे. तिला कोणी हिणवू नये. पण कारण सांगणाऱ्याला बहुधा काही सिद्ध करायचे असते. सरकारला, कंपनीला, पुढाऱ्याला, शास्त्रज्ञालाही. तुम्हाआम्हालाही. प्रामाणिक मोजणीला काही सिद्ध करायचे नसते, म्हणून दुबळ्या माणसाला तिचाच आधार अधिक.

येत्या खरिपात तुमच्या शिवारात कापणीच्या प्रयोगाची माणसे येतील. गावच्या समितीचे सभासद असाल तर जा. नसाल तरी जा. झाडाखाली नव्हे, दोरीजवळ उभे राहा. पावले कोष्टकाप्रमाणे पडतात का पाहा, वजनाचा आकडा तुमच्या वहीत लिहून घ्या. आणि चौकोन तुमच्या चांगल्या अंगावर आला, तर तो हलवू नका, हलवू देऊ नका. शेजारच्या गावातही कोणीतरी याच वेळी, आपले चांगले अंग दोरीत सापडलेले पाहून, मुकाट्याने उभा आहे. त्याच्या त्या उभे राहण्यावर तुमची भरपाई आहे, आणि तुमच्यावर त्याची.